‘सासूबाई’ म्हटलं की रेडिओ फाटतो

प्रश्न : आमचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ५० वॉटचा ट्रान्समीटर, ३० मीटरचा मनोरा. ‘शहरातलं खासगी स्टेशन कसं दणक्यात वाजतं, तुमचं बारीक’ अशी तक्रार सारखी यायची. शेवटी मी ट्रान्समीटरच्या मेनूत शिरून ऑडिओ गेन वाढवला. आवाज मोठा झाला, पण आता निवेदिकेच्या तोंडी ‘स’, ‘श’, ‘च’ आले की फाटतात. ‘सासूबाई’ हा शब्द तर थुंकी उडाल्यासारखा येतो. पडद्यावर पीक डेव्हिएशन १०५ ते ११० दिसतं. मेनूत लिमिटर, प्री-एम्फसिस ०/५०/७५, स्टिरिओ/मोनो, पायलट लेव्हल असं बरंच काही आहे. काय कुठे ठेवू? शिवाय दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्त्यांत खरखर आहे, ती वेगळीच.
— एक केंद्रचालक, मराठवाडा

उत्तर : आधी उठा, गेन होता तिथे आणून ठेवा आणि मग पुढचं वाचा. घाई एवढ्याचसाठी, की ११० हा आकडा तुमच्यापुरता राहत नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जो कोणी आहे त्याच्या अंगणात तुमचा पाय पडतो.

एफएममध्ये आवाजाचा जोर म्हणजे वाहक लहरीचा झोका; तुमच्या पडद्यावरचं ‘पीक डेव्हिएशन’ ते हेच, किलोहर्ट्झमध्ये. तुमचं केंद्र ९०.४ वर धरू. गप्प असताना ती लहर ९०.४ वर उभी असते; आवाज आला की खाली-वर झुलते. हा झोका एका बाजूला ७५ किलोहर्ट्झपेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही, हा ठरलेला नियम. ऐकणाऱ्याच्या रेडिओतली चाळणीही त्याच हिशेबाने केलेली असते. झोका चाळणीच्या बाहेर गेला की तिथला आवाज कापला जातो, आणि तेच तुम्हाला ‘फाटणं’ म्हणून ऐकू येतं.

आणि एवढं करून मिळवलंत काय? ७५ वरून ११० म्हणजे जेमतेम सव्वातीन डेसिबल. आजोबांनी रेडिओचं बटण बोटभर फिरवलं असतं तरी एवढं मिळालं असतं. त्या खासगी स्टेशनचा झोकाही ७५ च्या आतच असतो बरं का. त्यांचं गाणं ‘भरलेलं’ असतं, म्हणून मोठं वाटतं: शिखरं तुमच्याएवढीच, पण मधल्या दऱ्या प्रोसेसरने बुजवलेल्या. वर ट्रान्समीटर किलोवॉटमधला. तुम्हाला १०० वॉट प्रभावी शक्तीची मर्यादा आहे. त्या शर्यतीत उतरूच नका. गावातली माणसं तुम्हाला ऐकतात ती बाजारभाव, पाणीपट्टी आणि ओळखीचा आवाज यांच्यासाठी.

आता ‘स’ चा मामला. बाकी अक्षरं धड येतात आणि नेमका ‘स’ फाटतो, याचं कारण प्री-एम्फसिस. एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीत जास्त असते. म्हणून पाठवताना वरची पट्टी मुद्दाम उचलायची आणि रेडिओने ती तेवढीच दाबायची, अशी जुनी सोय आहे. दाबताना खरखरही दबते. आपल्याकडे ही उचल ५० मायक्रोसेकंदांची. अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात ७५ ची. मेनूतले आकडे ते हेच. ५० वर ठेवलंत की ५ किलोहर्ट्झला साधारण साडेपाच डेसिबल उचल मिळते, ८ ला साडेआठ, १५ ला जवळजवळ चौदा. ‘आ’ आणि ‘ऊ’ चा जीव खालच्या पट्टीत असतो, त्यांना काही होत नाही. ‘स’ चा सगळा जीव ५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर. म्हणजे तुम्ही ‘आ’ बघून गेन लावलात आणि ‘सासू’ आली ती साडेआठ डेसिबल डोक्यावर घेऊन!

तेव्हा पहिलं, प्री-एम्फसिस ५०. ट्रान्समीटर कारखान्यातून ७५ वर लावून आलेला मी एकदा नाही, तीनदा पाहिलाय. दुसरं, ही उचल साखळीत एकाच ठिकाणी हवी. स्टुडिओत वेगळा प्रोसेसर असेल, किंवा संगणकावर प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअर असेल, आणि तिथे ५० लावलेलं असेल, तर ट्रान्समीटरवर ० ठेवा. दोन्हीकडे ५० राहिलं की आवाज डब्याच्या झाकणावर वाटाणे ओतल्यासारखा येतो. तुमच्या पत्रावरून मला हाही संशय आहे, बघून घ्या.

तिसरं मेनूतलं नाहीच. निवेदिकेचा माईक तोंडासमोरून दोन बोटं बाजूला सरकवा. वाऱ्याची धार माईकच्या कडेने गेली की अर्धा ‘स’ तिथेच शांत होतो. हे फुकटात होतं म्हणून बहुतेक कुणी करत नाही.

आता लिमिटर. मेनूत ‘लिमिटर’ लिहिलंय म्हणून तो लिमिटर असतोच असं नाही. बऱ्याच छोट्या ट्रान्समीटरमध्ये त्या नावाखाली साधा क्लिपर असतो. लिमिटर आवाज खाली दाबतो, क्लिपर डोकं उडवतो. ओळखायचं कसं? प्रसारण बंद असताना अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती जिरवणारा नकली भार, लावा. मिक्सरमधून ४०० हर्ट्झचा सूर सोडा, तो मर्यादेला टेकेपर्यंत वाढवा आणि मग आणखी ६ डेसिबल द्या. शेजारच्या रेडिओवर सूर तसाच गोल राहिला तर लिमिटर. गांधीलमाशीसारखा करकरू लागला तर क्लिपर. क्लिपर निघाला तर त्याला शेवटच्या एक-दोन डेसिबलपुरताच ठेवा. ढोलकीची थाप तेवढी कापली गेली तर कुणाला कळत नाही, माणसाचा आवाज कापला की लगेच कळतं. असा क्लिपर असेल तर खरं लिमिटिंग स्टुडिओत करावं लागेल, आणि ते करणाऱ्या यंत्राला प्री-एम्फसिसची जाण हवी, नाहीतर ‘सासू’ पुन्हा उसळेल.

माझा शिरस्ता सांगते. पुढे एक संथ स्वयंचलित गेन, जास्तीत जास्त दहा डेसिबलची मुभा, आणि त्याला गेट, म्हणजे बोलणं थांबलं की गेन वाढू न देणारा पहारेकरी. गेट नसेल तर निवेदिका श्वास घ्यायला थांबली की पंखा मोठा व्हायला लागतो, मग खिडकीबाहेरचा कोंबडा, मग जनरेटर. मागे लिमिटर : अटॅक (दाबायला लागणारा वेळ) एक-दोन मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) शंभर ते दोनशे. बोलताना काटा तीन-चार डेसिबल दाबलेला दिसावा, ढोलकी-संबळ आले तर सहा. सतत दहा दिसत असेल तर लिमिटरला बोल लावू नका, मिक्सर बघा.

जात्यावरच्या ओव्यांचं एक ध्वनिमुद्रण मला असंच कुणीतरी ऐकायला पाठवलं होतं. बाईंचा आवाज दर दीड-दोन सेकंदांनी बसायचा आणि परत वर यायचा. पाठवणाऱ्याला वाटलं, वयामुळे दम लागतोय. मी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं. बाई एका दमात म्हणत होत्या. बसत होता तो लिमिटर, जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला! दगडाची ती खालची घरघर स्पीकरवर ऐकूसुद्धा येत नव्हती, पण लिमिटरला ती ओवीपेक्षा मोठी दिसत होती. ८० हर्ट्झखालचं सगळं आधीच कापून टाकलं आणि बाईंचा दम परत आला. तुमच्या मिक्सरवरही माईकच्या रांगेत ते छोटं बटण असेल. माईकपुरतं ते कायम दाबलेलंच ठेवा.

यानंतर प्रश्न येतो, पडद्यावरच्या ७५ वर विश्वास ठेवायचा का? मी ठेवत नाही. एक पडताळा आहे आणि तो मला अजून दर वेळी गंमतीचा वाटतो. रेडिओ पकडणारा तो अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल मिळतो, दोन-चार हजारांचा. तो लॅपटॉपला लावा, अँटेना म्हणून बोटभर वायरच ठेवा, नाहीतर इतक्या जवळून तो आंधळा होतो. परत डमी लोड, परत प्रसारण बंद. ट्रान्समीटर मोनोवर, पायलट (स्टिरिओची खूण देणारा सूर) बंद, आरडीएस (केंद्राचं नाव पाठवणारी सोय) बंद, लिमिटर बंद. आता १३.५९ किलोहर्ट्झचा सूर सोडा आणि शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. लॅपटॉपच्या पडद्यावर मधोमध वाहक लहरीची काठी दिसते, दोन्हीकडे तिची पिल्लं. सूर वाढत जातो तशी मधली काठी बुटकी होत जाते आणि एका क्षणी चक्क नाहीशी होते. ट्रान्समीटर चालू, वीज जातेय, आणि मधे काहीच नाही! घाबरू नका, हे पहिलं शून्य, झोका साधारण पावणेतेहतीसचा. वाढवत राहा, काठी परत उगवेल आणि पुन्हा बुडेल. दुसऱ्यांदा बुडाली तो झोका नेमका ७५. त्या क्षणी ट्रान्समीटरचा मीटर काय म्हणतो ते कागदावर लिहून पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा. मीटर ६८ म्हणत असेल तर तुमचं खरं ७५ म्हणजे त्याचं ६८.

(हे गणित बेसेल नावाच्या जर्मन माणसाच्या नावाने ओळखलं जातं. त्याने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर मोजलं होतं. आपण मनोऱ्याखाली बसून त्याच माणसाच्या आधाराने ‘सासूबाई’ मोजतोय.)

राहिली वस्त्यांमधली खरखर, आणि इथे माझं मत ठाम आहे : मोनो करा. पत्रावरून तुमचा तीन-चतुर्थांश कार्यक्रम बोलण्याचा दिसतो. एक निवेदिका, एक माईक. तिला डावं-उजवं कशाला हवंय?

स्टिरिओची किंमत कुठे मोजावी लागते ते बघा. स्टिरिओत डाव्या-उजव्याची बेरीज जुन्या जागी, १५ किलोहर्ट्झपर्यंत जाते. १९ वर पायलटचा बारीक सूर असतो. आणि डाव्या-उजव्यातला फरक जातो २३ ते ५३ च्या वरच्या मजल्यावर. एफएमची खरखर वर जावं तशी वाढते, हे वर आलंच. मग हा फरक भरपूर खरखर सोबत घेऊनच खाली उतरतो. दुबळ्या सिग्नलवर स्टिरिओ मोनोपेक्षा वीसेक डेसिबल जास्त खरखरतो. केंद्राजवळ कळत नाही. बारा किलोमीटरवर कार्यक्रम ऐकण्याजोगा आहे की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं.

बहुतेक जण इथेच फसतात. स्टुडिओत मिक्सरवर सगळं मधोमध आणलं, डावी-उजवी सारखी केली, ‘झालं मोनो’. झालं नाही! पायलट चालू आहे तोवर रेडिओला वाटतं स्टिरिओच आहे. तो वरच्या मजल्यावर जातो, तिथे गाणं नसतं, खरखर असते, ती इमानेइतबारे घेऊन येतो. ट्रान्समीटरच्या मेनूत मोनो करा, पायलट खरोखर बंद झालाय का ते रेडिओवरचा स्टिरिओचा दिवा विझलेला बघून पक्कं करा. वर नफा असा, की पायलट जी ७-साडेसात किलोहर्ट्झ जागा खातो ती आवाजाला मिळते. नऊ-दहा टक्के म्हणजे डेसिबलच्या आतच, पण नियम न मोडता मिळालेली आहे. गाड्यांच्या रेडिओवर केंद्राचं नाव दिसायला आरडीएस हवं असेल तर ते मोनोतही चालतं. त्याला दोन-तीन किलोहर्ट्झ द्या आणि तेवढे आवाजातून वजा करा.

रविवारच्या संगीताच्या कार्यक्रमासाठी स्टिरिओ हवाच, असा आग्रह असेल तर पायलट ७५ च्या ८ ते १० टक्क्यांत, म्हणजे ६ ते ७.५ किलोहर्ट्झ. लिमिटरचे दोन्ही कान एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर डावीकडे ढोलकी वाजली की गायिका उजवीकडे सरकते. आणि ‘कॉम्पोझिट क्लिपर’ नावाचं काही मेनूत असेल तर त्याला हात लावू नका. तो पायलटलाही कापू शकतो.

एवढं करूनही वस्त्यांत खरखर राहिली तर ती अँटेना आणि केबलची. मनोऱ्यावर माणूस चढवून जोडांत पाणी शिरलंय का ते पाहा.

प्रश्न : देवळाच्या सप्ताहासाठी सात दिवस एफएमवर कीर्तन सोडायचं आहे. ऑनलाइन १५ वॉटचा संच मिळतो. सात दिवसांसाठीही परवाना लागतो का? त्यात लिमिटर नाही, चालेल का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : लागतो, आणि तुम्हाला तो सप्ताहापुरता म्हणून मिळणार नाही. बिहारातल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरच्या राघवने स्वतः जोडलेल्या यंत्रावर गावाचं रेडिओ स्टेशन चालवलं होतं. देशभर कौतुक झालं, आणि २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद पाडलं. लिमिटरचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. मांडवात चांगले स्पीकर लावा. जवळ परवाना असलेलं सामुदायिक केंद्र असेल तर त्यांना ध्वनिमुद्रण द्या, अशा मजकुराच्या शोधात ती माणसं नेहमी असतात.

प्रश्न : माझे सासरे एका स्पीकरच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर आमच्या भागातलं छोटं केंद्र ऐकतात. महिन्याभरापासून जुनी भावगीतं लागली की गाणं जवळजवळ नाहीसंच होतं. नव्या गाण्यांत व्हायोलिन, कोरस येतात, गायिका येत नाही. निवेदक विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. मी मोबाइलला इयरफोन लावून तेच केंद्र ऐकलं तर सगळं नीट. रेडिओ दोनदा दुरुस्तीला दिला, दोनदा पैसे गेले. इतर स्टेशनं त्याच रेडिओवर उत्तम येतात. सासरे म्हणतात, गायिकेला कुणी पळवलं?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : मामंजींचा रेडिओ ठणठणीत आहे, परत दुरुस्तीला देऊ नका. गायिकेला पळवलंय ते एका उलट्या वायरने, आणि ती वायर केंद्रात आहे.

एका स्पीकरचा रेडिओ डाव्या-उजव्याची फक्त बेरीज ऐकतो. केंद्रात एका बाजूची वायर उलटी जोडली गेली की बेरजेची वजाबाकी होते. जुनी भावगीतं मोनो ध्वनिमुद्रणाची, डावं-उजवं तंतोतंत सारखं. सारख्यातून सारखं वजा केलं की काय उरणार? नव्या गाण्यात गायिका मधोमध असते म्हणजे दोन्हीकडे सारखी, म्हणून ती जाते. कडेला बसलेले व्हायोलिनवाले वाचतात. दोन्ही बाजूंची पातळी अगदी बरोबरीची कधीच नसते, त्यामुळे थोडा आवाज गळून येतो; तो तुमचा विहिरीतला निवेदक. इयरफोनवर दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात, तिथे वजाबाकी होतच नाही. तरी नीट लक्ष द्या : निवेदक डोक्याच्या मधोमध न वाटता कानांच्या बाहेर कुठेतरी पोकळ लटकलेला वाटेल. आणखी एक खूण गाडीत मिळते. केंद्रापासून लांब जाऊ लागलं की गाडीचा रेडिओ आपणहून हळूहळू मोनोकडे झुकतो. एरवी तेव्हा खरखर कमी होते. तुमच्या केंद्राच्या बाबतीत गाणंच विरत जाईल.

हे मला इतकं तोंडपाठ का, तर अशी एक वायर मी स्वतः सोल्डर केली होती. नोकरीतलं चौथं-पाचवं वर्ष, रात्री साडेअकरा, सकाळी सहाला प्रसारण. तीन पिनांचा तो गोल कनेक्टर : एक नंबर जमीन, दोन गरम, तीन थंड. आत आकडे कोरलेले असतात, पण मागून बघताना उजवं-डावं फिरतं. मी उजव्या बाजूचा दोन आणि तीन अदलाबदल केला. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर मला काही कळलं नाही, उलट आवाज ‘पसरट, छान’ वाटला! तीन दिवसांनी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरून फोन आला : ‘मॅडम, बाई गात नाहीयेत, नुसता तबला येतोय.’ मी त्याला रेडिओचे सेल बदलायला सांगितलं. अजून लाज वाटते. चौथ्या दिवशी त्याच टपरीवर चहाला गेले तेव्हा स्वतः ऐकलं, आणि ग्लास तसाच ठेवून परत फिरले.

तुम्ही केंद्राला फोन करा आणि ‘आवाज नीट येत नाही’ असं सांगू नका, ते तुम्हाला सेल बदलायला सांगतील. सांगा, ‘तुमच्या एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी आहे, एका स्पीकरच्या रेडिओवर जुनं गाणं लावून ऐका.’ मिक्सर ते प्रोसेसर आणि प्रोसेसर ते ट्रान्समीटर अशा जेमतेम चार वायरी तपासायच्या असतात, टेस्टरने दहा मिनिटांचं काम.

आणि मराठवाड्यातले केंद्रचालक, मोनोचं बटण दाबण्याआधी तुम्हीही हेच बघून घ्या. तुमच्याकडे अशी वायर असली तर आज ती फक्त एका स्पीकरच्या रेडिओवाल्यांना छळत असेल. मोनो केल्यावर निवेदिका सगळ्या तालुक्यातून नाहीशी होईल.

कोल्हापूरकर ताई, नेमकी कुठली वायर उलटी निघाली ते मात्र मला कळवा.